'कान्होजी आंग्रे' नावाची नाव

हा लेख म्हणजे एक दुरुस्ती आहे.

या फेब्रुवारीत आपल्या शाळेत शिवजयंतीची वक्तृत्व स्पर्धा झाली. माझा विषय होता 'मराठ्यांचे आरमार'. भाषणाच्या शेवटी मी हात उंचावून म्हणालो होतो, "सरखेल कान्होजी आंग्रे यांचा दरारा कोकणापासून थेट अंदमानपर्यंत होता!" टाळ्या पडल्या, पहिला क्रमांक मिळाला, कप हाऊसच्या कपाटात गेला. ते वाक्य मी कुठून घेतले हे मला कोणी विचारले नाही, आणि मीही स्वतःला विचारले नाही. तो प्रश्न मला मे महिन्यात कोलकात्याला, बालीगंजमध्ये विचारला गेला.

बाबांची बदली बालीगंजच्या लष्करी छावणीत झाली आहे. सुट्टीत आम्ही तिथेच होतो. शाळेची पहाटे उठण्याची सवय सुट्टीतही सुटत नाही, म्हणून मी रोज रवींद्र सरोवरापर्यंत धावत जायचो. जुने लोक त्याला ढाकुरिया लेक म्हणतात. विसाव्या शतकात खोदलेला हा तलाव आहे, आणि काठावर रोइंगचे जुने क्लब आहेत. पहाटे लांब, निमुळत्या नावा पाण्यावरून सुळकन जातात. तिथेच एका बाकावर रोज एक आजोबा बसलेले दिसत. तरुणपणी ते याच तलावात वल्हवायचे. बंगालीत आजोबांना 'दादू' म्हणतात, म्हणून मीही त्यांना दादू म्हणू लागलो. आमचे बोलणे हिंदीतच होई.

मी महाराष्ट्रातला, तोही सैनिकी शाळेतला, हे कळल्यावर ते म्हणाले, "मग तुला कान्होजी आंग्रे माहीत असतील."

मी ताठ झालो. भाषणातला तो शेवटचा परिच्छेद मी त्यांना जवळजवळ पूर्ण ऐकवला.

दादूंनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "मी नावेबद्दल विचारत होतो रे."

दोन माणसे आणि एक नाव

१९६९ साली पिनाकी चॅटर्जी आणि जॉर्ज अल्बर्ट ड्यूक हे दोघे वल्ह्यांच्या एका लहान नावेतून कोलकात्याहून निघाले आणि बंगालचा उपसागर ओलांडून अंदमानला पोहोचले. इंजिन नाही, सोबत दुसरे माणूस नाही. त्या नावेचे नाव होते 'कान्होजी आंग्रे'. दादू तेव्हा कॉलेजात होते. तलावावरच्या मुलांमध्ये त्या दिवसांत दुसरा विषयच नसे, असे ते सांगतात.

मला लाज वाटली. ज्या नावावर मी कप मिळवला, ते नाव धारण करून एक होडी माझ्या आईबाबांच्या शहरातून समुद्रात गेली होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

ही सफर किती अवघड होती हे समजायला आधी नकाशा पाहावा. कोलकाता बंदर समुद्रकाठी नाही, ते हुगळी नदीवर सुमारे २०० किमी आत आहे. म्हणजे समुद्र दिसण्याआधीच नदीशी सामना आहे. या नदीत भरती-ओहोटीचे पाणी कोलकात्याच्याही वर जाते. भरतीच्या वेळी वल्हवले तर श्रम करूनही माणूस मागे जातो. म्हणून ओहोटी धरून निघायचे आणि भरती लागली की नांगर टाकून थांबायचे. पुढे उपसागर. कोलकाता ते पोर्ट ब्लेअर हे सागरी अंतर सुमारे १२५० किमी आहे.

या उपसागराचे स्वतःचे वेळापत्रकही आहे. एप्रिल-मे आणि पुन्हा ऑक्टोबर ते डिसेंबर हे चक्रीवादळांचे महिने, जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचे. लहान नावेला थंडीच्या शेवटी जी शांत फट मिळते तीच काय ती. आम्ही तिथे असताना एका संध्याकाळी बंगालची कालबैशाखी आली. दहा मिनिटांत आकाश काळे झाले, तलावावर लाटा उठल्या आणि पाण्यातल्या सगळ्या नावा घाईने काठाला लागल्या. गुडघाभर लाटांच्या तलावात हे, तर उघड्या समुद्रात काय होईल, हे त्या दिवशी न सांगता कळले.

पाण्याचा प्रश्न तर आणखी चमत्कारिक. चहूकडे पाणी आणि पिण्याला एक थेंब नाही. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. आपली मूत्रपिंडे इतके खारट मूत्र तयार करूच शकत नाहीत. त्यामुळे समुद्राचे पाणी प्यायले, तर ते क्षार बाहेर टाकण्यासाठी शरीर स्वतःजवळचेच पाणी खर्च करते. पिणारा अधिक कोरडा होतो. म्हणून गोड्या पाण्याचा साठा नावेतच न्यावा लागतो, आणि जितके पाणी नेऊ तितके वजन वल्हवावे लागते.

काकुडगाछीचे नावांचे संग्रहालय

दुसऱ्या दिवशी दादू म्हणाले, "चल, तुला नावा दाखवतो." आम्ही बालीगंजहून बसने काकुडगाछीला गेलो. तिथे आंबेडकर भवनात २०१४ साली सुरू झालेले नावांचे संग्रहालय आहे. काचेच्या कपाटांत बंगालच्या नावांच्या चाळीसहून अधिक प्रतिकृती आहेत आणि त्या कारागिरांनी हाताने घडवल्या आहेत. पानशी, बजरा, मोराच्या तोंडाची मयूरपंखी, शर्यतीची लांबलचक छिप, ताडाचे खोड कोरून केलेला डोंगा.

मी आधी भराभर पाहत सुटलो. दादूंनी थांबवले. "नाव वरून पाहू नको, खालून पाहा." आणि खरेच, तळाकडे पाहिल्यावर प्रत्येक नाव आपली नदी सांगू लागली. उथळ पाण्याची नाव सपाट तळाची, वेगाची नाव अरुंद, ओझ्याची नाव पोट फुगलेली. आपल्याकडेही तसेच आहे. आंग्र्यांच्या आरमारात गुराब हे मोठे, तोफांचे जहाज आणि गलबत हे हलके, वल्ह्यांवरही चालणारे. वारा पडला की शिडाचे परके जहाज जागीच थांबे आणि गलबते वल्हवत त्याच्यावर जात, गुराबांनाही ओढून नेत. वल्ह्यांच्या नावेला कान्होजींचे नाव शोभते ते यासाठी.

मी विचारले, "यांत सगळ्यात जुना प्रकार कोणता?"

"जो इथे नाव म्हणून ठेवता येत नाही तो," दादू हसले. "भेला." भेला म्हणजे आपला तराफा. बंगालच्या मनसामंगल कथांमध्ये बेहुला साप चावलेल्या नवऱ्याचे शव घेऊन केळीच्या खांबांच्या तराफ्यावरून नदीतून निघते. आजही पुरात गावकरी केळीचे खांब एकत्र बांधतात. मात्र तराफ्याने महासागर ओलांडता येतो का, हा प्रश्न विचारून त्याचे उत्तर समुद्रावरच शोधायला निघालेली माणसे वेगळी. त्यांच्या नावा नॉर्वेत ऑस्लोच्या कॉन-टिकी संग्रहालयात आहेत. दादूंनी मला त्या मोहिमेवरचे पुस्तक दिले आणि पुढचे चार दिवस मी दुसरे काही केले नाही.

कॉन-टिकी बुडाला का नाही?

थोर हेयरडाल या नॉर्वेजियन संशोधकाचे म्हणणे होते की प्रशांत महासागरातील पॉलिनेशियन बेटांवर पहिली माणसे दक्षिण अमेरिकेतून तराफ्यांवरून आली. तज्ज्ञ म्हणाले, ते शक्यच नाही. बाल्सा लाकूड पाणी पिऊन बुडेल आणि लाकडावर घासून दोर पंधरा दिवसांत तुटतील. हेयरडालने तराफा बांधला. २८ एप्रिल १९४७ रोजी सहा जण पेरूच्या कायाओ बंदरातून निघाले. १०१ दिवसांत सुमारे ६,९०० किमी जाऊन ७ ऑगस्टला त्यांचा तराफा राराइया बेटाच्या प्रवाळखडकांवर आदळला. सहाही जण जिवंत होते. भागाकार करून पाहा, दिवसाला सरासरी ६८ किमी होतात, म्हणजे तासाला तीन किलोमीटरही नाही. आपला रूट मार्च यापेक्षा वेगाने होतो.

तज्ज्ञ कुठे चुकले? पहिली गोष्ट, ओंडके ताजे होते. ताज्या बाल्साच्या आतल्या रसामुळे समुद्राचे पाणी खोलवर शिरू शकले नाही. वाळलेले बाल्सा हलके दिसते, पण पाणी लवकर पिते. दुसरी गोष्ट, तराफ्यात एकही खिळा नव्हता. नऊ ओंडके जाड दोरांनी बांधलेले होते. लाटेबरोबर ओंडके हलत आणि दोर मऊ लाकडात रुतत गेले. त्यामुळे लाकडाने दोर कापण्याऐवजी दोरालाच लाकडात सुरक्षित खाच मिळाली. कठीण लाकूड आणि खिळे असते, तर सांधे खिळखिळे झाले असते. तिसरी गोष्ट, होडीत पाणी शिरले की उपसावे लागते, पण तराफ्यावर आलेली लाट ओंडक्यांच्या फटींतून खाली निघून जाते. ज्याच्यात पाणी साठतच नाही, ते पाण्याने भरणार कसे?

तराफा वळवण्याची युक्तीही सुंदर आहे. ओंडक्यांच्या फटींतून उभ्या फळ्या पाण्यात खाली सोडतात. या फळ्या तराफ्याला आडवे सरकू देत नाहीत. पुढच्या फळ्या खाली केल्या की तोंड वाऱ्याकडे वळते, मागच्या खाली केल्या की वाऱ्यापासून दूर जाते.

त्या सहा जणांपैकी क्नुट हौगलांड हा बिनतारी यंत्रणेचा माणूस. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेतील जड पाण्याचा कारखाना निकामी करण्याच्या १९४३ च्या धाडसी कारवाईत तो होता. पुढे तोच कॉन-टिकी संग्रहालयाचा संचालक झाला.

चुकलेला दोर

१९६९ साली, म्हणजे आपली 'कान्होजी आंग्रे' निघाली त्याच वर्षी, हेयरडाल पुन्हा समुद्रात उतरला. या वेळी मोरोक्कोहून, पपायरस गवताच्या 'रा' या नावेतून, अटलांटिक महासागरात. प्राचीन इजिप्तच्या चित्रांवरून ती बांधली होती. त्या चित्रांत नावेच्या वर वळलेल्या मागच्या टोकापासून डेकपर्यंत एक दोर ताणलेला दिसतो. तो दोर कशासाठी, हे बांधणाऱ्यांना नीट उमगले नाही. समुद्रात मागचे टोक हळूहळू खचले, नाव पाणी पिऊ लागली आणि बार्बाडोस बेट थोड्या अंतरावर राहिले असताना ती सोडून द्यावी लागली. पुढच्या वर्षी बोलिव्हियाच्या टिटिकाका सरोवरावरील आयमारा कारागिरांनी 'रा-२' बांधली. ती ५७ दिवसांत बार्बाडोसला पोहोचली.

मला यशस्वी नावेपेक्षा अपयशी नाव जास्त शिकवून गेली. हजारो वर्षांपूर्वीच्या चित्रकाराने तो दोर शोभेसाठी काढला नव्हता. चित्रात जे आहे ते कामाचे आहे, हे समुद्राने सिद्ध केले. आपल्याकडेही अशी एक नाव अलीकडेच झाली. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातील पाचव्या शतकातील जहाजावरून गोव्यात एक जहाज बांधले गेले. फळ्या खिळ्यांनी न जोडता काथ्याच्या दोरीने शिवल्या. चित्रात फक्त बाहेरचे रूप होते, आराखडा नव्हता, म्हणून आयआयटी मद्रासमध्ये त्याच्या प्रतिकृतीच्या पाण्यातल्या चाचण्या झाल्या. २१ मे २०२५ रोजी कारवारला 'कौंडिण्य' या नावाने ते नौदलात दाखल झाले आणि डिसेंबरअखेर पोरबंदरहून निघून जानेवारीत मस्कतला पोहोचले. महाराष्ट्रातल्या एका लेण्याच्या भिंतीवरचे जहाज दीड हजार वर्षांनी अरबी समुद्र ओलांडून गेले.

सिद्ध काय झाले?

पुस्तक परत द्यायला गेलो तेव्हा मी भारावलो होतो. म्हणालो, "दादू, हेयरडालने सिद्ध केले की नाही, की ते लोक अमेरिकेतूनच आले!"

"काय सिद्ध केले?" दादूंनी विचारले. "तराफा जाऊ शकतो हे सिद्ध केले. तराफा गेला होता हे नाही."

मी गप्प झालो. त्यांनी बोटांवर मोजून दाखवले. एक, कॉन-टिकीला सुरुवातीला एका जहाजाने किनाऱ्यापासून सुमारे ८० किमी बाहेर ओढून नेले होते. म्हणजे किनारा सोडण्याचा अवघड भाग त्याने करून दाखवलाच नाही. दोन, त्यांच्याजवळ रेडिओ होता, डबाबंद अन्न होते. तीन, भाषा, शेती, प्राणी आणि पुढे जनुके यांचा पुरावा सांगतो की पॉलिनेशियन लोक मुळात पश्चिमेकडून, आशियाच्या बाजूने आले. हेयरडालचा मुख्य दावा टिकला नाही.

गोष्ट इथेच संपत नाही, हेही त्यांनीच सांगितले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनात पूर्व पॉलिनेशियाच्या काही बेटांवरील लोकांमध्ये दक्षिण अमेरिकेतील मूळ रहिवाशांचा थोडा अंश सापडला. तो इसवी सन १२०० च्या सुमारास मिसळलेला आहे. म्हणजे या दोन लोकांची कधीतरी गाठ पडली होती. कोण कोणाकडे गेले, हा प्रश्न अजून उघडा आहे. हेयरडाल पूर्ण बरोबर नव्हता आणि त्याला हसणारेही पूर्ण बरोबर नव्हते.

मग दादूंनी अगदी सहज विचारले, "आता सांग. तुझे कान्होजी अंदमानला गेले होते?"

मी तोंड उघडले आणि मिटले. ती नाव अंदमानला पोहोचली होती. तिचे नाव 'कान्होजी आंग्रे' होते. पण नाव पोहोचली म्हणून सरखेल पोहोचले होते असे होत नाही. आंग्र्यांचे ठाणे अंदमानात होते असे वाक्य अनेक ठिकाणी लिहिलेले असते आणि मी ते तसेच उचलले होते. त्या काळचे कागद मात्र कोकणाबद्दल बोलतात: कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, खांदेरी.

आपल्या फील्डक्राफ्टच्या तासाला सर टेहळणीचा अहवाल कसा लिहायचा ते शिकवतात. स्वतः पाहिलेले वेगळे, दुसऱ्याकडून ऐकलेले वेगळे, आपला अंदाज वेगळा. तिन्ही एका वाक्यात कालवले, तर त्या अहवालावर विसंबून पुढे जाणारी तुकडी मरते. पन्नास वेळा ऐकलेला हा नियम मी भाषण लिहिताना विसरलो होतो, कारण टाळ्या हव्या होत्या.

त्या रात्री मी कान्होजींबद्दल पक्के ठाऊक असलेले तेवढेच वहीत उतरवले. १७१८ मध्ये इंग्रजांनी खांदेरीवर हल्ला केला आणि हात हलवत परतले. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून कुलाब्यावर चालून आले, तरी किल्ला पडला नाही. ४ जुलै १७२९ रोजी कान्होजी वारले, तोपर्यंत समुद्रावर त्यांना कोणी नमवू शकले नव्हते. १९५१ पासून मुंबईतील नौदलाच्या तळाला 'आयएनएस आंग्रे' हे नाव आहे. आणि १९६९ मध्ये कोलकात्याच्या दोघांनी जिवावरच्या सफरीसाठी नावेला नाव शोधले, तेव्हा त्यांना एका मराठी सरखेलाचे नाव द्यावेसे वाटले. यात अंदमानचे ठाणे जोडायची गरजच कुठे होती?

शाळेत परतल्यावर मी सरांना सगळे सांगितले आणि कप परत करतो म्हणालो. सर म्हणाले, "कप राहू दे. ज्यांनी तुझे भाषण ऐकले त्यांच्यापर्यंत दुरुस्ती पोहोचव." म्हणून हा लेख.

माझ्या भाषणाचे शेवटचे वाक्य आता असे वाचावे: "सरखेल कान्होजी आंग्रे यांनी कोकणचा किनारा शेवटपर्यंत राखला. त्यांच्या मृत्यूनंतर २४० वर्षांनी त्यांच्या नावाची एक लहानशी नाव, दोन माणसांच्या वल्ह्यांवर, अंदमानला पोहोचली."